सटवाई पत्र्याच्या शेडात

उंबरवाडीवर आजवर जेवढी संकटं आली तेवढी सगळी सितारामनं डोळ्यांनी पाहिली होती, आणि जी आली नाहीत तीही पाहिली होती. येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काठावर, हे एवढंसं गाव. पण सितारामच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, देवानं पूर, गारा, वीज आणि दुष्काळ आधी उंबरवाडीत करून बघितले, आणि नीट जमायला लागल्यावर मग बाकीच्या मुलखात वाटले. थोरल्या पुरात भगवानरावाची म्हैस कडब्याच्या गंजीवर बसून नांदेडपर्यंत गेली. वाटेत भूक लागली म्हणून तिनं गंजच खायला काढली, आणि गंज संपली तिथं ती बुडाली, नाहीतर समुद्र गाठला असता. गारपिटीत पडलेली एक गार जात्याच्या तळीएवढी होती. ती शाळेच्या रांजणात सोडली, तर पोरांनी शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत थंड पाणी पिलं. लोक हसायचे, चहा पाजायचे, आणि पुढल्या खेपेला गार थोडी आणखी मोठी झालेली असायची.

किल्लारीबद्दल मात्र सितारामनं आजवर एकही गोष्ट सांगितली नव्हती. भूकंप झाला त्या साली तो तरणा होता. गावानं भाकरी थापून पोती भरली, ती पोती घेऊन तो ट्रकनं गेला. परत आला तेव्हा घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. अंगणातच बसला, अंगणातच जेवला, आणि पुढच्या बाजाराला जाऊन पत्रे आणून अंगणात शेड उभं केलं. त्या दिवसापासून तो शेडात निजतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली अंग भाजायचं, पावसाळ्यात कान फुटायचे, थंडीत शेळ्या त्याच्या पोटाशी येऊन बसायच्या. पण सिताराम घरात निजला नाही. लोकांनी विचारलं, तिकडं काय बघितलंस? तर म्हणायचा, "ऊन लय व्हतं."

घर होतं धाब्याचं. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. धाबं गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, ही सगळ्या गावाची रीत. सिताराम दरसाल टाकायचा, तीही इतरांहून एक पाटी जास्त. सितारामच्या घरात थेंब गळत नाही, हा त्याचा लौकिक होता आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. ज्या छपराला भिऊन माणूस बाहेर निजतो, तेच छप्पर दरसाल आपल्या हातानं भारी करतो. पण हे त्याला कधी कुणी बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर तेच होतं.

अलीकडं काही वर्षांपासून भुईतून आवाज यायला लागले होते. हिंगोलीकडून सुरू झालं म्हणतात. जात्यात काही न घालता कुणीतरी नुसतंच दळत बसावं, तसा आवाज. कधी भांडी किणकिणायची, कधी नुसतं पायाखाली मुंग्या आल्यासारखं व्हायचं. कुणी म्हणायचं धरणाचं पाणी भुईत मुरलंय, कुणी म्हणायचं विहिरींचे स्फोट. सितारामला कुणी विचारलं की तो उठून शेडात जायचा.

अशात आषाढात त्याची लेक प्रियांका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जिंतूरच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या.

सितारामच्या बायकोनं, कमलबाईनं, आतली खोली सारवून ठेवली होती. खिडकी नाही, छपराला वर एक झरोका तेवढा. त्यातून हाताच्या तळव्याएवढा उजेड खाली पडायचा. बाजेखाली शेगडी, दाराला लिंबाचा पाला, कोपऱ्यात दिवा. बाळंतीण तिथंच, सव्वा महिना.

"शेडात ठेवू आपण," सिताराम अंगणातून म्हणाला. "मी जागा झाडून देतो. शेळ्या शेजारी भुजंगाच्या गोठ्यात बांधतो."

"शेळी व्याली हाय का?" कमलबाई म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी सिताराम ओसरीच्या कडेला, एक पाय अंगणात ठेवून, चहा पीत बसला होता. आधी आवाज आला. मग समोरच्या खुंटीला टांगलेली चाळणी आपोआप हलली. हंड्यातलं पाणी कडेला आलं, मागं गेलं. वरून बारीक माती चहात पडली, आणि भिंतीच्या आतून करकर असा आवाज झाला, जसं जुनं जू बैलाच्या मानेवर करकरतं.

सिताराम उठला आणि पळाला. डोक्यात एकच होतं, आत पोरगी हाय, आत लेकरू हाय. पण पाय अंगणाकडं पळाले. चिंचेखाली जाऊन तो थांबला तेव्हा त्याला कळलं, आपण उलटे आलो. कप अजून हातात होता. भुई कधीच थांबली होती.

कमलबाई दारात आली. तिनं आधी आकाशाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"लेकरू आत हाय," सिताराम म्हणाला.

"मग तुमी बाहीर कसं?"

सितारामनं कप चिंचेच्या बुडाशी ठेवला. तो खाली मान घालून ओसरीवर चढला, माजघरातून भिंतीला हात लावत गेला, आणि कैक वर्षांत पहिल्यांदा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिला. प्रियांका पोरीला छातीशी धरून बसली होती. पोरगी जागी होती, पण रडत नव्हती, आणि त्याचंच त्याला जास्त भ्या वाटलं. त्यानं वर बघितलं. मधल्या तुळईचं टोक भिंतीतून बोटभर बाहेर सरकलं होतं. इतकी वर्षं भिंतीत असलेला लाकडाचा तो भाग पांढरा, कोरा दिसत होता.

"कमल, ती तुळई बघ. सुटायली ती."

"ती तशीच हाय. माझं लगीन झालं तवापासून बघायले मी."

"तवा पांढरी दिसत व्हती का?"

बाळंतिणीला न्हाऊ घालायला आलेली सुलाबाई शेगडीशी ओवा भाजत बसली होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातची न्हालेली. सिताराम स्वतःही त्यांतला. ती म्हणाली, "सितारामा, उद्या पाचवी हाय. उद्या सटवाई येती लेकराच्या कपाळावर लिवायला. पहिल्या दिवशी जिथं बाज टाकली तिथंच पाचवी. मधी जागा बदलली आन सटवाई रिकाम्या खोलीत येऊन गेली, तर लेकराचं कपाळ कोरं राहतंय. मग जन्मभर बस म्हणावं बोंबलत."

"मावशी, धाबं पडलं तर लिवायला कपाळ उरंल का?"

"अभद्र बोलू नका," कमलबाई म्हणाली. "विहीणबाईचा तीनदा फोन येऊन गेला, पाचवी नीट करा म्हणून. पयली नात हाय त्यांची. काय सांगू, पोरीच्या बापाला आवाज ऐकू येत्यात म्हणून शेळ्यांच्या जागी पाचवी केली?"

दोघी पाणी तापवायला बाहेर गेल्या. सिताराम उंबऱ्यावर बसला; आत बसला नाही, बाहेरही गेला नाही.

"आबा," प्रियांका म्हणाली, "खरंच पडंल का हे?"

"किल्लारीला असंच व्हतं, बाळ."

"तुमी तर किल्लारीचं कधी सांगत न्हाई."

सितारामनं पंचाच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "विसर्जनाची रात व्हती. समदे नाचून दमून निजले व्हते. आमी गेलो तवा घरं नव्हतीच, ढीग व्हते. एका ढिगातून बाई आवाज देती म्हणून कुणीतरी सांगितलं. आमी वरून माती काढायलो. माती संपंना. आन पोरी, ती माती मला वळखू येत व्हती. पांढरी. दरसालचा एक थर, भाकरीवर भाकर ठेवावी तशी. ह्या साली इतकी टाकली, त्या साली जास्त टाकली, समदं दिसत व्हतं. आमी थर काढत राहिलो. आवाज आदी गेला, थर मागून संपले."

प्रियांकानं पोरीच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं. "ही बी तुमची गोष्टच हाय का, आबा?"

"न्हाई."

"मग तुमी परत येऊन दरसाल माती का टाकत गेलाव?"

"गळत व्हतं म्हणून," सिताराम म्हणाला, आणि हे बोलताना त्याला आपल्याच तोंडाची लाज वाटली.

तिनं वर तुळईकडं बघितलं. "मला इथं भ्या वाटायलंय. पण टाके हायत, मला एकटीला उठता येत न्हाई. आन आई उचलू देणार न्हाई. तिला पटवा तुमी."

कमलबाईला पटवणं म्हणजे पूर्णेला येलदरीकडं उलटं वाहायला सांगणं. सितारामनं दुपारपर्यंत तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी तिनं त्याच्या हातात सुपातले तांदूळ दिले आणि निवडायला बसवलं. तांदूळ निवडता निवडता पाऊस सुरू झाला. आषाढाचा, खाली बघून पडणारा, घाई नसलेला पाऊस. सितारामनं पावसाकडं बघितलं, मग झरोक्याच्या दिशेनं बघितलं, आणि सूप हळूच खाली ठेवलं. बायकोला भूकंपाचं भ्या वाटत नाही. पण या गावात अशी बाई अजून जन्मली नव्हती जिला बाळंतिणीला गार लागण्याचं भ्या वाटत नाही.

त्यानं खोरं घेतलं आणि मागच्या बाजूनं शिडी लावली.

धाब्यावर चढल्यावर मात्र त्याला उभं राहवेना. तो जनावरासारखा चार पायांवर पुढं सरकायला लागला. ओली माती हाताखाली दबत होती. इथं माजघर, इथं मधली भिंत, आणि इथून पुढं खाली पोरगी. प्रत्येक वेळी गुडघा टेकवताना त्याला वाटे, हाच. ह्याच गुडघ्यानं जाईल. लेकराला वाचवायला आलेला आजा लेकरावरच पडेल, आणि गाव सांगत बसेल.

झरोक्याभोवती पाणी आत जाऊ नये म्हणून मातीची वीतभर उंच पाळ केलेली असते. वर उपडं गाडगं. गाडगं हललेलं खालून दिसलं असतं म्हणून त्यानं त्याला हात लावला नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. वरच्या अंगाची पाळ खोऱ्याच्या टोकानं फोडली, आणि तिथून मागं एक बारीक चारी ओढत नेली, कापसाला पाणी द्यावं तशी. धाब्यावर साचलेलं पाणी जरा वेळ विचारात पडलं, मग चारीतून झरोक्याकडं निघालं.

"काका," शेजारच्या बोळातून भुजंग ओरडला, "भर पावसात वर काय पेरायलाव?"

"पाणी तुंबलंय का बघायलोय."

"बघा बघा. भूकंप दिसला तर मला बी हाक मारा."

सिताराम उतरून ओसरीवर येऊन बसला आणि तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पंचानं डोकं पुसतो न पुसतो तोच आतून कमलबाईचा आवाज आला. "अहो, गळायलंय. अहो, बाजेवरच गळायलंय."

"आपल्या घरात?" सिताराम म्हणाला. "गळंल कसं?"

सुलाबाईनं निर्णय द्यायला वेळ लावला नाही. "ओल लागली तर पोरगी जन्माची दुखणेकरी व्हईल. उचला."

"आन सटवाई?" कमलबाईचा चेहरा रडकुंडीला आला.

"सटवाईला काय घर नंबर ठाव असतोय का? दिवा दिसतो तिला. दिवा न्या."

बाज उचलली. एका अंगाला सिताराम होता, बाकीच्या अंगांना सुलाबाई आणि हाकेला आलेल्या दोघी शेजारणी, आणि त्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही. मागून कमलबाई घोंगडीखाली दिवा धरून, उंबऱ्यापासून शेडापर्यंत, भिजत निघाली आणि मोठ्यानं सांगत निघाली, "आई सटवाई, आतली खोली गळायली. शेडात ये. ओसरी उतरली की चिंचंच्या बाजूला ये. शेळ्यांकडं बघू नको, त्या पल्याड नेणार हाय आता. पत्र्याचं हाय, पण कोरडं हाय." भुजंग बोळातून हे सगळं ऐकत होता. पुढं कितीतरी दिवस गावाला पुरेल एवढं ते होतं.

शेडात पोरगी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. सितारामला बरं वाटलं, ते जेमतेम संध्याकाळपर्यंत.

कारण कमलबाईनं त्याला पुन्हा वर धाडलं, झरोका लिंपायला. तो गेला, खोऱ्याची पाठ मातीवर धपधप आपटली, खाली ऐकू जाईल अशी, आणि चारी तशीच ठेवली. चारी बुजवली तर बाज परत आत. पण वर बसल्या बसल्या त्यानं नीट बघितलं. चारीतलं पाणी सगळं झरोक्यातून पडत नव्हतं. निम्मं वाटेतच मातीत शिरत होतं. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुडे येत होते. इतक्या वर्षांचे थर पाणी पीत होते, आणि पोटभर पिणार होते. सिताराम खाली आला, त्याला बोलायचं होतं, पण काय बोलणार? धाबं आधी भारी केलं मी, आता ओलं केलं मी.

आणि कमलबाई तर घरातच होती. लेकरू बाहेर निघालं, पण पाचवीचा स्वयंपाक माजघरात, पीठ माजघरात, गोवऱ्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला नाही. ती घरातून शेडात, शेडातून घरात, डोक्यावर पोतं घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. ती आत गेली की सिताराम दारासमोर उभा राहायचा आणि ती बाहेर येईपर्यंत तिच्याशी काहीबाही बोलत राहायचा, आवाज येतोय ना बघायला.

"तुमाला आज काय झालंय," ती म्हणाली. "लग्नात एवढं बोलला न्हाईत."

पाचवी शेडात झाली. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, दिवा तेवत ठेवला. सटवाई येऊन गेली असावी, कारण सकाळी पोरीच्या कपाळावर काजळाचा डाग होता आणि तो सुलाबाईच्या बोटाचा नव्हता असं सुलाबाईनं शपथेवर सांगितलं.

त्या सकाळी पाऊस उघडला. सिताराम चिंचेखाली उभा होता. कमलबाई घमेलं घेऊन गोवऱ्या आणायला आतल्या खोलीत गेली. आणि भुईतलं जातं सुरू झालं. लांबून, खालून, रिकामं.

"कमल, बाहीर ये," तो म्हणाला.

"आले. जरा थांबा, खालच्या ओल्या झाल्यात, वरच्या घेते."

"कमल, आवाज यायलाय. बाहीर ये म्हणतो ना."

"रोजच येतोय तुमाला आवाज."

आत जायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. वीस पावलंही नाहीत, हाकेच्या आत ती होती. पण पाय चिंचेच्या मुळांसारखे भुईत. त्याला आतून करकर ऐकू आली, जुन्या जुवाची. त्याचं अंग जाईना, पण तोंड त्याला कधीच दगा देत नव्हतं.

"लेकरू निळं पडायलंय," सिताराम ओरडला. "कमल, पोरगी श्वास घेईना."

घमेलं पडल्याचा आवाज झाला. कमलबाई माजघरातून, ओसरीवरून, पदर मागं टाकून अशी धावत आली की अंगठा तुटून एक चप्पल ओसरीवर राहिली. ती शेडात शिरली. प्रियांका पोरीला पाजत बसली होती. पोरगी लाल होती आणि चुरूचुरू पीत होती.

"काय झालं, आई?" प्रियांका म्हणाली.

कमलबाई परत फिरली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्यावर हात उचलला नव्हता, आता उचलायच्याच बेतानं आली. "जिभेला हाड हाय का तुमच्या? माझ्या नातीच्या जिवावर खोटं..."

तिच्या मागं आतल्या खोलीचं धाबं बसलं. पडलं म्हणावं असा आवाजही झाला नाही. एक मोठा धप्प, मग फळ्या मोडल्याचा, मग बराच वेळ माती ओघळत राहिल्याचा. माजघराच्या दारातून पांढरा ओला वारा बाहेर आला. मधली भिंत उभी होती, तिच्या वरच्या कडेवर एक तुळई आडवी लटकली होती आणि तिच्याखाली जिथं बाज होती तिथं छातीएवढा ढीग होता.

कमलबाईचा उचललेला हात तसाच राहिला. मग ती खाली बसली, भर चिखलात.

गाव जमलं. कुणी म्हणालं भुई हलली, कुणी म्हणालं माझ्या घरात तर ताटली सरकली नाही. सुलाबाईनं सांगितलं, हलली, मला पायाला कळलं. तिच्या शेजारणीनं सांगितलं, बिल्कुल हलली नाही. माणसं हळूहळू पांगली. कुणी घरी जाऊन आत बसेना, सगळे आपापल्या दारात उभे.

कमलबाई अजून चिखलातच होती. "परवा वर काय केलतं तुमी?" तिनं विचारलं.

"पाळ फोडली. चारी पाडली." पहिल्यांदाच तो काही न लावता, काही न काढता बोलला. "पोरगी बाहीर यावी म्हणून."

"त्यानं पडलं का?"

"ठाव न्हाई."

"न केलं असतं तर?"

"त्ये बी ठाव न्हाई, कमल. रातभर त्याचाच इचार करायलोय. पोरगी आत असताना पडलं असतं तर..."

"पुरे," ती म्हणाली. ती ढिगाकडं बघत होती. उघड्या पडलेल्या कडेला मातीचे थर दिसत होते, एकावर एक. ती ते एकेक बघत गेली.

तेवढ्यात भुजंग आला. चेष्टेचा पत्ता नव्हता. तो शेडाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगा. भुईनं पाडलं का पावसानं?"

सितारामनं भुजंगाच्या घराकडं बघितलं. धाब्यावर गुडघाभर गवत उगवलं होतं, एवढी माती होती. खाली, त्याला माहीत होतं, भुजंगाची माय पंचफुलाबाई मांडीचं हाड मोडल्यापासून बाजेवर होती. भुईनं पाडलं म्हणावं, तर उद्या कुणीतरी उभं राहून सांगेल भुई हललीच नाही. चारीनं पाडलं म्हणावं, तर भुजंग हसेल, सुटल्यासारखं हसेल, आणि आत जाऊन निजेल.

"तुझी माय कुठं हाय?"

"आत."

"आदी तिला बाहीर काढ. मग बसून सांगतो, कशानं पडलं त्ये."

"पाऊस यायलाय परत. कुठं ठेवू तिला?"

"इथं ठेव. शेडात. जागा हाय," कमलबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

भुजंग गेला. त्याचा थोरला पोरगा आला, वरच्या आळीचा एक जण आला. बाजेला चार पाय, माणसं तीन. भुजंग दारातून सितारामकडं बघत उभा राहिला. 

सिताराम भुजंगाच्या ओसरीवर चढला. उंबरा ओलांडून आत गेला. माजघरात अंधार होता, आणि ओल्या मातीचा वास, जो त्याला कुठूनही ओळखू आला असता. त्यानं बाजेचा चौथा पाय धरला.

"कोण, सितारामा का रे?" पंचफुलाबाई म्हणाली. "मला कुठं न्यायलाव भर पावसात? आन तू आज गप का? सांग की काहीतरी."

सिताराम वर तुळईकडं बघत होता.

"उचला," तो म्हणाला. "हळू बोला. उचला."